मुलगी घरी आलीय, आता कोणती पुस्तकं आणू?

ताई, आधी एक काम करा: अनाथ मुलीच्या गोष्टी शोधून आणू नका. फॉस्टर केअरमधलं मूल, म्हणजे काही काळ सांभाळायला आलेलं दुसऱ्या घरचं मूल, घरी आलं की सगळे हीच चूक करतात. तिला रोज आपलीच कहाणी वाचायची नसते.

अप्पा बळवंत चौकात, पुण्याच्या पुस्तकबाजारात, घेऊन जा, निवडू द्या. कॉमिक उचललं तरी हरकत नाही. पुस्तकावर नाव तिचंच घाला. उद्या ती तिच्या स्वतःच्या घरी परतली, तर पुस्तकं तिच्याबरोबर जातील हे आत्ताच सांगा. याने फार फरक पडतो, खरंच. तुम्हाला सुचवायचंच असेल तर फास्टर फेणे. फुरसुंगीचा धाडसी पोरगा, तिला आवडेल.

सिनेमाचं:

- आधी स्वतः पूर्ण बघा. ‘श्यामची आई’ (१९५३) सुंदर आहे, पण आईपासून दुरावलेल्या मुलीला इतक्यात नको.
- ‘इन्स्टंट फॅमिली’ (२०१८) फॉस्टर केअरवरच आहे. तो आधी तुम्ही नवराबायकोने बघा.
- मध्येच उठून गेली तर जाऊ द्या. ‘काय झालं?’ म्हणून मागे लागू नका.

आणि पुस्तक वाचतानाचा तिचा फोटो स्टेटसला नको. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आजीआजोबांनाही सांगून ठेवा.