वाचक विचारतात : वी यू का खपला नाही?

प्रश्न : निन्टेंडोचा वी हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल तुफान खपला आणि त्याच्या पाठोपाठ आलेला वी यू आपटला. नाव फसवे होते म्हणून, असे सगळे सांगतात. नुसत्या नावाने एवढा फरक पडतो?

उत्तर : आधी आकडे पाहू. वी १० कोटी १६ लाख खपला, वी यू १ कोटी ३५ लाख ६० हजार. वीच्या आधीचा निन्टेंडोचा कन्सोल गेमक्यूबसुद्धा २ कोटी १७ लाखांपर्यंत गेला होता.

नावाने नुकसान केले, यात शंका नाही. वी रिमोट, वी फिट, वी बॅलन्स बोर्ड या सगळ्या वीच्या जोडीला घ्यायच्या गोष्टी. त्याच रांगेत 'वी यू' ऐकले की तीही जुन्या वीला जोडायची वस्तू वाटणार. त्यातून जून २०११ मध्ये ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात घोषणा करताना सगळा भर गेमपॅडवर, म्हणजे हातात धरायच्या पडदेवाल्या कंट्रोलरवर, राहिला. मूळ यंत्र जेमतेम दिसले, आणि दिसले तेही वीसारखेच. आधी यंत्राचे एखादे चित्र दाखवायला हवे होते, हे निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पुढे मान्य केले.

पण हा गैरसमज दुकानदार एका वाक्यात दूर करू शकत होता. अडचण त्याच्या पुढच्या प्रश्नाला होती : 'बरं, मग यात नवीन काय?' वीच्या बाबतीत हा प्रश्नच येत नसे. रिमोट फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते, बघणाऱ्याला लगेच कळते. वी यूमध्ये ६.२ इंची टचस्क्रीन असलेला गेमपॅड हातात आणि टीव्ही समोर. खाली बघावे तर टीव्हीवरचे निसटते, वर बघावे तर खालचे. एकट्याने खेळताना बहुतेक गेममध्ये त्या छोट्या पडद्यावर नकाशा, सामानाची यादी किंवा टीव्हीवरचेच चित्र असायचे.

कल्पना मुळात वाईट नव्हती. 'निन्टेंडो लँड' या गेममधला 'मारिओ चेस' हा खेळ बघा. गेमपॅडवाला मारिओ होऊन पळतो, त्याला पूर्ण नकाशा दिसतो. बाकीचे चौघे वी रिमोट घेऊन टीव्हीवर बघत त्याला शोधतात. पकडापकडीच, पण एकाला सगळे दिसते आणि इतरांना नाही, ही गंमत दुसऱ्या पडद्याशिवाय होतच नाही. फक्त त्याची पूर्ण मजा घ्यायला पाच माणसे आणि चार वी रिमोट जमायला हवेत. एका यंत्राला दोन गेमपॅड चालतील असे २०१२ मध्ये जाहीर झाले होते. दोन गेमपॅड वापरणारा एकही गेम आला नाही.

प्रश्न : मग किंमत उतरवून खप का वाढवला नाही?

उत्तर : उतरवली, पण फारशी उतरवता येत नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत ८ जीबीचा संच ३०० डॉलरला आणि ३२ जीबीचा ३५० डॉलरला आला, तोही सुरुवातीला तोटा सोसून. गेमपॅडमध्ये पडदा, कॅमेरा, बॅटरी आणि बिनतारी चित्र पोचवणारी यंत्रणा, म्हणजे खर्च तिथेच. सप्टेंबर २०१३ मध्ये मोठा संच ३०० डॉलरवर आणला, आणि दोनच महिन्यांत ४०० डॉलरचा, कितीतरी ताकदवान असा सोनीचा प्लेस्टेशन ४ बाजारात उतरला. मायक्रोसॉफ्टवरही अशीच वेळ आली तेव्हा त्यांनी जून २०१४ मध्ये सोबत येणारा किनेक्ट कॅमेरा वगळून आपला एक्सबॉक्स वन कन्सोल १०० डॉलरने स्वस्त केला. निन्टेंडोला गेमपॅड वगळणे शक्य नव्हते. यंत्र पहिल्यांदा चालू करून मांडणी करायची तरी तोच लागतो.

प्रश्न : इतर कंपन्यांनी गेम का काढले नाहीत?

उत्तर : सुरुवातीला काढले, पण अर्ध्या मनाने. 'मास इफेक्ट' मालिकेतला फक्त तिसरा भाग वी यूवर आला. त्याच सुमारास इतर कन्सोलवर तिन्ही भागांचा संच तेवढ्याच किमतीला मिळत होता. कोण घेणार? पुढे यंत्रच कमी पडले. १.२४ गिगाहर्ट्झचा तीन कोअरचा प्रोसेसर आणि २ जीबी रॅम, त्यातली १ जीबी यंत्राच्या स्वतःच्या कामाला. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी होती, त्यामुळे तिथले गेम इथे आणणे परवडेना.

अशा वेळी घरचे, म्हणजे निन्टेंडोचे स्वतःचे, गेम लागतात, आणि नेमके तेच लांबले. 'पिकमिन ३' २०१३ च्या मध्यावर गेला. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत जगभरात मिळून १ लाख ६० हजार वी यू गेले. त्या आर्थिक वर्षाचा ९० लाखांचा अंदाज जानेवारी २०१४ मध्ये २८ लाखांवर आणावा लागला. 'मारिओ कार्ट ८' मे २०१४ मध्ये आला, तोवर उशीर झाला होता. गेम मात्र कसा होता, ते पुढे दिसले : वी यूवर ८५ लाखांच्या आसपास थांबलेला हाच गेम, थोडी भर घालून, स्विच या निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर ६ कोटींच्या वर गेला.

प्रश्न : जुना वी यू मिळतो आहे. घेताना काय बघावे?

उत्तर : सगळ्यात आधी गेमपॅड. तो नसेल किंवा पडदा फुटलेला असेल तर यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका. बहुतेक देशांत तो सुटा विकलाच गेला नाही. वेगळा गेमपॅड जोडणार असाल तर तो यंत्राच्याच प्रदेशाचा हवा, जपानी गेमपॅड अमेरिकी यंत्राशी नीट जुळत नाही. जोडणी समोर करून मागा : यंत्रावरच्या सिंक बटणाने टीव्हीवर पत्त्यांची चार चिन्हे आणायची (इस्पिक, बदाम वगैरे), गेमपॅडच्या मागचे सिंक दाबायचे आणि ती चिन्हे त्याच क्रमाने पडद्यावर टिपायची.

गेमपॅडची मूळ १५०० एमएएचची बॅटरी नवी असताना तीन ते पाच तास चालायची. निन्टेंडोचीच २५५० एमएएचची बॅटरी त्याच खणात बसते. गेमपॅडचा चार्जर यंत्राच्या अडॅप्टरपेक्षा वेगळा असतो. दोन्ही आहेत ना, बघा.

गेम विकत घ्यायचे निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान, ई-शॉप, मार्च २०२३ मध्ये बंद झाले आणि ऑनलाइन खेळणे एप्रिल २०२४ मध्ये, तेव्हा डिस्कवर मिळणारेच गेम धरून चाला. वीच्या डिस्क चालतात, गेमक्यूबच्या नाहीत. ८ जीबीच्या संचात हाताशी जेमतेम ३ जीबी उरते. हार्ड डिस्क लावायची तर २ टीबीपर्यंतची आणि स्वतःचा अडॅप्टर असलेली घ्या. नुसत्या यूएसबीवर चालणारीला वीज पुरत नाही आणि ती मधेच तुटते. तशीच असेल तर दोन पोर्टमधून वीज घेणारी वाय आकाराची केबल लावा. जोडताना यंत्र ती फॉरमॅट करते, म्हणून आत काही ठेवू नका.