घरात गहू नाही, तरी ग्लुटेन येतं कुठून?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हा-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नाही. वर्ष झालं, तिला फक्त जोंधळ्याची भाकरी, भात आणि ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेली पाकिटं. तरी टीटीजी (सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतला आकडा) उतरत नाही. आणखी काय बंद करू? (राजारामपुरी)

उत्तर : आणखी काही बंद करू नका, आधी शोधूया. टीटीजी सावकाशच उतरतो, काहींना वर्षाहून जास्त लागतं. पण आकडा अजिबात हलला नसेल तर ग्लुटेन पोटात जातंय असंच मी धरते. पहिला संशय हिंगावर. आपल्या डबीतला हिंग बहुतेक वेळा कंपाउंडेड असतो : डिंक, पीठ आणि थोडासा खरा हिंग. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. डबीच्या मागे तसं लिहिलेलं असतं, पण हिंगाची डबी वाचतंय कोण? तोच हिंग उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीत (कांदा-लसूण मसाल्यात) गेला असेल तर आमटीपासून तांबड्या रश्श्यापर्यंत रोज थोडा थोडा पोटात जातोय. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा. चटणी मात्र तिच्यासाठी नव्यानं करावी लागेल. आणि कणकेची परात, चाळण, पोळपाट-लाटणं तिच्या भाकरीला लावू नका.

प्रश्न : गिरणीवाले घरच्यासारखे आहेत. गिरणी झाडून मगच आमचं दळण घालतात. चालेल ना? (गंगावेश)

उत्तर : सिलिअ‍ॅकच्या माणसासाठी नाही चालणार, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवून घ्यायला आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळमानानं १० टक्के धरा. म्हणजे किलोभर जोंधळ्याच्या पिठात एकच ग्रॅम कणीक मिसळली तरी ग्लुटेन १०० मिलिग्रॅमच्या आसपास, मर्यादेच्या पाचपट! दगडाच्या खाचांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत एवढं सहज अडकून राहतं. बेसनाचंही तेच : हरभरा निर्दोष, गिरणी दोषी.

घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. लक्ष्मीपुरीतून अख्खा जोंधळा आणलात तर ताटात पसरून गव्हाचे दाणे वेचा, धुवा, वाळवा, मग दळा. घरघंटी परवडत नसेल तर तांदूळ भिजवून मिक्सरवर वाटून घावन, आंबोळ्या करा. त्यात गिरणीचा संबंधच येत नाही.

प्रश्न : खपली गहू जुना, देशी. त्यात ग्लुटेन नसतं म्हणतात. खरं का? (शिरोळ)

उत्तर : नाही. खपली हा गहूच, आणि त्यात ग्लुटेन असतं. खीर कितीही झकास होत असली तरी सिलिअ‍ॅकला वर्ज्य.

प्रश्न : पिठावर आयोडीनचा थेंब टाकून भेसळ ओळखता येते, असा व्हिडिओ पाहिला. (कागल)

उत्तर : आयोडीन स्टार्च दाखवतं, ग्लुटेन नाही. शुद्ध तांदळाचं पीठही निळंकाळं पडेल.

प्रश्न : पाकीट हातात घेतल्यावर नेमकं काय वाचायचं? (शाहूपुरी)

उत्तर : दर्शनी बाजू सोडा, पाठ वाचा. ‘मैदाविरहित’, ‘मल्टिग्रेन’ या शब्दांचा इथं काही उपयोग नाही. गहू, रवा, बार्ली (जव), राय (गव्हासारखंच एक धान्य) शोधा आणि विशेष म्हणजे माल्ट. तो बार्लीपासून करतात आणि मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्येही सापडतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्सवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. घरगुती सातूच्या पिठाला तर लेबलच नसतं आणि त्यात गहू किंवा जव असतोच. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते. तिथे ‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं असेल तर पाकीट परत फळीवर.

प्रश्न : मिसळीतला ब्रेड बाजूला ठेवून नुसती मिसळ खाल्ली तर? (रंकाळा)

उत्तर : कोल्हापुरात राहून हा प्रश्न येणारच! ब्रेड दिसतो, फरसाण फसवतं. शेव बेसनाची असली तरी त्याच कढईत मैद्याची शंकरपाळी तळलेली असू शकते आणि तापलेल्या तेलानं ग्लुटेन नष्ट होत नाही. कटात हिंग कुठला, हे तर वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरी मटकीची उसळ, स्वतःच्या चटणीचा कट, घरच्या बेसनाची ताज्या तेलात तळलेली शेव आणि सोबत भाकरी, एवढी मिसळ मी बिनधास्त खा म्हणेन. बाहेरची नाही.