भावाला घरी न्यायला थोरल्याची सही लागते का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ (वय ३८) स्किझोफ्रेनियासाठी साडेचार महिन्यांपासून सरकारी मनोरुग्णालयात आहे. भरतीच्या वेळी थोरल्या भावाने सही केली होती. आता तो सावरलाय, घरी न्या, असं डॉक्टरच सांगतात. पण कार्यालयात म्हणतात, ‘ज्यांनी भरती केलं त्यांना आणा, नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा.’ थोरला येत नाही. ‘वेड्याला घरात जागा नाही, जमिनीत हिस्सा नाही,’ म्हणतो. मी लग्न झालेली बहीण, त्याला माझ्याकडे ठेवायला तयार आहे. पण आमच्या ग्रामीण रुग्णालयात त्याचं महिन्याचं इंजेक्शन मिळत नाही, बाहेरून आणायला सांगतात. काय करू?

उत्तर: ताई, थोरल्याची सही लागत नाही आणि कोर्टाची ऑर्डरही लागत नाही. हा आग्रह १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या काळातला आहे. तेव्हा अनेकदा दंडाधिकाऱ्यांच्या रिसेप्शन ऑर्डरवर (भरतीच्या आदेशावर) भरती व्हायची आणि ज्याच्या अर्जावरून माणूस आत गेला त्याच्याच अर्जावरून तो बहुधा बाहेर यायचा. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८पासून लागू झाला, जुना रद्द झाला. कार्यालयांतली सवय मात्र काही ठिकाणी तशीच राहिली आणि तिच्यापायी बरी झालेली माणसं वॉर्डात अडकून पडतात.

आधी एक गोष्ट लेखी मिळवा: तो आज कोणत्या कलमाखाली आत आहे? थोरल्याने सही केली म्हणजे ती बहुधा कलम ८९ची, म्हणजे रुग्णाच्या प्रतिनिधीच्या विनंतीवरून झालेली भरती असणार. तिची मुदत फक्त ३० दिवस. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं. त्यात दोन मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने (अशा भरत्या तपासणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) २१ दिवसांत एकतर परवानगी द्यायची किंवा रुग्णाला सोडायला सांगायचं. या कलमाखालची पहिली मुदत ९० दिवसांची, पुढची १२०, नंतर दर वेळी १८०. तुमच्या भावाचे साधारण १३५ दिवस झाले. तीस आणि नव्वद मिळून १२० दिवस केव्हाच संपले. म्हणजे फाइलमध्ये मंडळाची एक परवानगी असायलाच हवी, शिवाय दुसऱ्या मुदतीसाठी नव्याने केलेल्या तपासण्या आणि मंडळाला तसं कळवल्याचं पत्र. हे कागद नसतील तर त्याला आत ठेवायला कायद्याचा आधारच उरत नाही. आणि असले, तरी स्वतःला वा दुसऱ्याला इजा होण्याचा किंवा स्वतःची देखभाल न जमण्याचा धोका सरला की ही भरती संपवावीच लागते. ‘घरी न्या’ म्हणणारे डॉक्टर नेमकं हेच सांगत आहेत. त्यांचं म्हणणं केसपेपरवर आलंय का, तेवढं बघा.

कधीकधी अशा रुग्णाला मध्येच कलम ८६खाली ‘स्वतंत्र रुग्ण’ (स्वतःच्या इच्छेने राहणारा) म्हणून दाखवलेलं असतं. तसं असेल तर काम फारच सोपं. त्याने स्वतः मागितला की डिस्चार्ज द्यावा लागतो. शंका असल्यास तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं.

आता तुमची खरी अडचण. अर्ज तुम्ही बहीण म्हणून केलात तर तो अडेल, कारण मंडळाकडे जायचा हक्क (कलम ७७) रुग्णाला, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या निर्णयांत मदतीसाठी नेमलेल्या व्यक्तीला) किंवा रुग्णाच्या संमतीने एखाद्या नोंदणीकृत संस्थेला आहे. म्हणून आधी प्रतिनिधी बदलून घ्या. कलम १४प्रमाणे साध्या कागदावर ‘मी माझ्या बहिणीस माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो, आधीची नेमणूक रद्द करतो’ असं त्याने लिहून सही किंवा अंगठा करायचा. तुम्ही खाली आपली लेखी संमती द्यायची. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको, थोरल्याची परवानगी तर नकोच. समाजसेवा अधीक्षकांसमोर हे केलंत तर पुढे कुणी ‘दबावाखाली सही घेतली’ म्हणू शकत नाही. प्रत वैद्यकीय अधीक्षकांच्या आवक विभागात द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंत्यांची नोंद कुठेच राहत नाही, तुमचे महिने तिथेच गेले.

त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या. कलम २२खाली भरतीचं कलम आणि कारणं मागा, कलम २५खाली केसपेपरच्या प्रती मागा आणि डिस्चार्जची स्पष्ट मागणी करा. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर मंडळाकडे जा. फी नाही. अर्ज थेट देता येतो किंवा वैद्यकीय अधीक्षकांमार्फतही. कलम ९०च्या भरतीविरुद्धचा अर्ज मंडळाने २१ दिवसांत निकाली काढायचा असतो. निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वकील परवडत नसेल म्हणून थांबू नका. कलम २७ने भावाला मोफत कायदेशीर मदत आहे, आणि महिला म्हणून तुम्हालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून ती मिळते, उत्पन्न कितीही असो. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१००.

थोरल्याच्या बोलण्याला कायद्यात काडीचा आधार नाही. कलम ३ स्पष्ट सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही, तो निर्णय सक्षम न्यायालयच देऊ शकतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८प्रमाणे आजारामुळे वारसाहक्कही जात नाही. घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा यासाठी मदत करणं हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १९ने सरकारचं कर्तव्य आहे. पण वाटपाचा दावा आणि डिस्चार्ज एकत्र गुंतवू नका. दावा वर्षानुवर्षं चालेल, भाऊ मात्र या महिन्यात बाहेर यायला हवा. तोवर हक्कसोडपत्र किंवा मुखत्यारपत्रावर त्याची सही कुणी घेणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

इंजेक्शनचं म्हणाल, तर अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी रुग्णालयात ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या स्तरांवर मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत, असं कलम १८ सांगतं. यात पिवळ्या रेशनकार्डाची अट नाही. गाडी बहुतेक वेळा नावावर अडते. डिस्चार्ज कार्डावर कंपनीचं नाव असतं आणि स्टोअरच्या यादीत मूळ औषधाचं. म्हणून डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव, मात्रा, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं आणि पुढचं कधी, हे चारही लिहून घ्या. कलम ९८प्रमाणे डिस्चार्जपूर्वी पुढच्या उपचारांची आखणी तुमच्याशी बोलून करायची असते, त्याच वेळी हे मागा. पुढच्या तारखेच्या दोन आठवडे आधी ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. ‘नाही’ म्हटलं तर तसं कागदावर मागा, मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८खाली तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे तक्रार द्या, आणि त्या महिन्याचा डोस जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून घ्या. तक्रारीच्या निकालाची वाट पाहत डोस चुकवू नका. मध्येच झोप उडाली किंवा संशय वाढलेला दिसला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.