महोत्सवात पहिल्यांदा कथा सांगायची आहे ना?

सगळी गोष्ट पाठ करू नकोस. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं शब्दन् शब्द पक्कं असू दे. मधले प्रसंग क्रमाने लक्षात ठेव. पाठांतरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. प्रसंग डोळ्यांसमोर असला की शब्द सुचतात.

दहा मिनिटं मिळाली असतील तर घरी आठ मिनिटांत संपणारी गोष्ट निवड. मंचावर हशा येतो, थांबावं लागतं, त्यात वेळ जातोच. जास्त घेतलेली मिनिटं तुझ्यानंतरच्या कलाकाराच्या वाट्याची असतात, आणि हे मला मनापासून खटकतं.

शेवट जवळ आला की नवोदित हमखास घाई करतात. तिथेच सावकाश हो. म्हातारी दार उघडते, असं सांगायचंय ना? आधी नजर कडीकडे ने, हात तिथे जाऊ दे, श्वास घे, मग बोल. हात आधी आणि शब्द नंतर आला की प्रेक्षकांना दार दिसतं.

माइक आधीच तपासून घे. दोन पात्रांचा संवाद करताना मान वळते, तोंड माइकपासून दूर जातं आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य ऐकूच जात नाही. मान थोडीच वळव, नजरेने काम भागव.

लोककथा असेल तर ती कुठली, कुणाकडून ऐकली, हे आवर्जून सांग. दुसऱ्या कथाकाराने स्वतः रचलेली असेल तर त्याच्या परवानगीशिवाय सांगूच नकोस.

आणि तुझ्या आधीच्याने सभागृह हसवून सोडलं असेल तर लगेच सुरुवात करू नकोस. हशा ओसरू दे, मग पहिलं वाक्य.