रेडिओची उलटतपासणी : तेच गाणं, साडेतीन तासांनी

(खासगी एफएम केंद्रावर सोळा वर्षं गाण्यांची यादी लावणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं.)

प्रश्न : ताई, मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे दिवसभर एकच एफएम चालू असतं. सकाळी साडेआठला लागलेलं गाणं बाराला पुन्हा, साडेतीनला पुन्हा. आरजेला दुसरी गाणी मिळत नाहीत का? आणि फर्माईश केली की ‘आत्ता लावतो’ म्हणतात, ते खरं असतं का?

उत्तर : आरजेला बोल लावू नका, तो बिचारा निरपराध आहे. दोषी मी. आमच्याकडे उद्याची गाणी आज दुपारी चारपर्यंत लागलेली असायची आणि ती मी लावायचे. आरजे खुर्चीत बसला की समोरच्या पडद्यावर त्याचा अख्खा तास तयार. त्या आखणीला आम्ही ‘क्लॉक’ म्हणतो. ठोक्याला चालतं गाणं, मग आरजेची चाळीस सेकंदं, मग दोन-तीन वर्षांपूर्वीचं एखादं, मग जाहिराती, मग पुन्हा चालतं गाणं. कुठे काय पडेल हे कॉम्प्युटर सुचवतो. पण त्याने सलग दोन रडकी गाणी लावली की हलवायला माणूसच लागतो.

आता तुमचं साडेआठ-बारा-साडेतीन. घड्याळ बघून लिहिलंत, हे मला फार आवडलं. तुम्ही आमची यादीच पकडलीत! त्या आठवड्याच्या सगळ्यात चालत्या गाण्यांचा एक छोटा गट असतो. आमच्या गटात सात गाणी आणि तासाला त्यातली दोन, म्हणजे साडेतीन तासांनी फेरी पूर्ण. सातच का, आठ का नाहीत? आठ ठेवली की फेरी चार तासांची होते, चारने चोवीसला पूर्ण भाग जातो आणि रोज साडेआठला तेच गाणं येऊन बसतं. सातची फेरी चोवीस तासांत नीट बसत नाही, रोज अर्धा तास पुढे सरकते. आजचं साडेआठचं गाणं उद्या नऊला. मी नवीन असताना एका सोमवारी हौसेने गटात आठवं गाणं घातलं. गुरुवारी साहेबांनी बोलावून विचारलं, “हे गाणं रोज माझ्या गाडीची वाट बघत उभं असतं का?”

साहेबांचं बरोबर होतं. सगळी आखणी कामाला जाता-येता वीस मिनिटं ऐकणाऱ्या माणसासाठी असते. त्याला ते चालतं गाणं त्या वीस मिनिटांत मिळालं पाहिजे, नाहीतर तो बटण दाबून पुढच्या केंद्रावर जातो. तुमच्यासारखे दिवसभर ऐकणारे आमच्या हिशेबात धरलेलेच नसायचे, आणि निष्ठेने ऐकणारे नेमके तुम्हीच. मला हे तेव्हाही खटकायचं. दुपारी दोन ते चारमध्ये मी हळूच जुनी गाणी वाढवायचे, कुणी विचारलं तर कॉम्प्युटरवर ढकलायचे.

फर्माईशीचं खरं सांगते. आमच्याकडे बहुतेक फोन आधीच रेकॉर्ड केलेले असायचे. पुढच्या तासात जे गाणं यादीत आहे, नेमकं तेच मागणारा फोन शोधायचा आणि गाण्याच्या आधी जोडायचा. म्हणजे फर्माईश खरी, गाणंही खरं, क्रम तेवढा उलटा. विविध भारतीवरच्या पोस्टकार्डांची गंमत निराळी होती. तिथे गाण्याआधी नावांची रांग लागायची, आणि कित्येक घरांत रेडिओ त्या नावांसाठीच लावलेला असायचा.

प्रश्न : खासगी एफएम कधी सुरू झाली? आणि कुठल्याच केंद्रावर स्वतःच्या बातम्या का नसतात?

उत्तर : तारखांचा एक योग आधी सांगते. मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला आणि आकाशवाणीने मद्रासला एफएम सुरू केलं २३ जुलै १९७७ ला, बरोबर पन्नास वर्षांनी. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई-दिल्लीत एफएमवरचे काही तास खासगी निर्मात्यांना द्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओच्या लहरी जनतेची मालमत्ता असल्याचं म्हटलं. पहिलं पूर्ण खासगी केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळूरला लागलं, रेडिओ सिटी.

खासगी परवान्यांच्या त्या पहिल्या फेरीत परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं, केंद्र कमवो वा न कमवो. मग धोका कोण पत्करणार? सगळ्यांनी तीच हिंदी सिनेमाची ताजी गाणी धरली. २००५ च्या धोरणात शुल्क उत्पन्नाच्या ४ टक्क्यांशी जोडलं गेलं, तोवर सवय लागली होती. गाणी वाजवण्यासाठी म्युझिक कंपन्यांना द्यायच्या मानधनाचंही तसंच. ते तासावर मोजलं जायचं, तेव्हा रात्री दोनला कुणी ऐकत नसतानाही मीटर चालूच. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ते जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं. त्यानंतर माझ्या रात्रीच्या गझलांवरून अकाउंट्सवाल्यांनी डोळे वटारणं बंद केलं.

बातम्यांचं उत्तर एका ओळीचं : परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज बंद असल्याच्या सूचना मात्र चालतात, कारण नियमांत त्या ‘बातम्या’ नाहीत. पाणी कधी येणार ही ज्या घरात सगळ्यात मोठी बातमी असते, त्यांना हे कोण समजावणार!

प्रश्न : घाट उतरताना आमचं नेहमीचं केंद्र जातं आणि त्याच आकड्यावर भलतंच लागतं. रेडिओ बिघडलाय का?

उत्तर : रेडिओ ठणठणीत आहे. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, डोंगर मध्ये आला की अडतात. एकच आकडा दूरच्या दुसऱ्या शहरालाही दिलेला असतो. मध्यम लहरींवर अशा वेळी दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात. एफएमचा रेडिओ मात्र जो जोरकस असेल त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. म्हणून वळणावर अर्ध्या ओळीत आमचा आरजे गप्प होतो आणि दुसऱ्या गावचा सुरू होतो. पुढच्या वळणावर आमचा परत येईल, घाई करून बटण फिरवू नका.