दिव्यांग मुलांच्या खेळासाठी आणि विरंगुळ्यासाठी सरकारचे काही धोरण आहे का?

आपली नऊ वर्षांची मुलगी व्हीलचेअर वापरते. तिच्या शिक्षणासाठी आणि उपचारांसाठी योजना मिळाल्या, पण खेळ, बाग, सहल यांसाठी काही आहे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकचाच असल्यामुळे इथल्यापुरते लिहितो.

धोरण आहे आणि ते बरेच स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये स्काउटिंग, नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांचा चक्क नावानिशी उल्लेख आहे, आणि ही जबाबदारी शासनाबरोबरच स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेवर, टाकलेली आहे. शासनमान्य शाळांमध्ये, मग त्या खासगी का असेनात, खेळ व करमणुकीची संधी इतर मुलांच्या बरोबरीने मिळावी, असे कलम १६ सांगते. तेव्हा "सहलीला नका पाठवू, आम्हाला सांभाळणे जमणार नाही" असे कोणी म्हटले, तर या कलमाचा हवाला देऊन लेखी उत्तर मागावे. तोंडी नकार देणे सोपे असते.

खरी अडचण अंमलबजावणीत आहे. दुचाकी आत शिरू नये म्हणून बागेच्या दाराशी लोखंडी आडवे-तिडवे पाइप बसवतात. त्यांतून माणूस तिरका होऊन जातो, व्हीलचेअर जात नाही. ती कशीबशी आत नेलीच, तर झोपाळ्याखालच्या वाळूत तिची पुढची छोटी चाके रुततात. दारासाठी ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी आणि उतारासाठी १:१२ (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) हे प्रमाण केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, मात्र ती प्रत्यक्षात ऐच्छिकच मानली जात. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावरच बोट ठेवले आणि सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा व वापर करता यावा यासाठीचे, किमान निकष बंधनकारक करण्याचे निर्देश केंद्राला दिले.

पैशाचे म्हणाल, तर महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांना ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. माझ्या पाहण्यात त्यासाठीच्या मागण्या बहुतेक अर्थसाहाय्य आणि उपकरणे यांच्याच असतात, आणि त्या रास्तही आहेत. पण बागेत व्हीलचेअरसह बसता येईल असा झोपाळा हवा, असा अर्ज क्वचितच कोणी करते. आपल्या भागातील तीन-चार पालकांनी मिळून एकाच बागेसाठी महानगरपालिका आयुक्तांच्या नावे अर्ज द्यावा, दाराचे माप व छायाचित्र जोडावे, प्रत उद्यान विभागाला द्यावी आणि आवक क्रमांक जरूर घ्यावा. दाद न मिळाल्यास पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्ज शक्यतो दिवाळीनंतर लगेच करावा, कारण पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच सुमारास सुरू होते आणि एकदा ते मांडले गेले की नव्या कामासाठी तरतूद मिळवणे फार जिकिरीचे होते.