वाचकांचे प्रश्न : फाइल बदलली, पडद्यावर जुनंच काहून?

या वेळी जावा वेब ॲप्लिकेशनमधल्या मेसेज फाइलींवरचे (म्हणजे पडद्यावरचा मजकूर ज्यांत असतो त्या फाइलींवरचे) चार प्रश्न घेतले आहेत. फाइलींची आणि क्लासची नावं छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत, आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळून.

प्रश्न (पांढरकवडा, जि. यवतमाळ) : आमच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचं ॲप्लिकेशन टॉमकॅट या सर्व्हरवर चालते. काट्याजवळच्या पडद्यावर शेतकऱ्यांसाठी सूचना येतात, जसं 'ओलावा १२ टक्क्यांच्या वर असल्यास माल घेतला जाणार नाही', 'आज खरेदी दोन वाजेपर्यंत'. हा मजकूर मेसेजेस_एमआर.प्रॉपर्टीज या फाइलीत आहे. वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरात जाऊन फाइल बदलली तरी पडद्यावर जुनंच येते. टॉमकॅट बंद-चालू केला की बरोबर होते, पण तेवढ्यात गाड्यांची रांग रस्त्यावर जाते. असं काहून होते? बंद न करता मजकूर कसा बदलायचा?

उत्तर : जावाच्या रिसोर्सबंडल क्लासची गेटबंडल मेथड पहिल्या वेळी फाइल वाचते आणि तयार झालेलं बंडल जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवून देते. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर त्या कॅशला मुदत नसते. पुढे डिस्कवर काहीही बदला, उत्तर कॅशमधूनच येणार. 'अशी फाइल नाही' हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये जातं. म्हणून चालू ॲप्लिकेशनमध्ये नव्या भाषेची फाइल टाकली तरी ती दिसत नाही.

जावा ६ पासून रिसोर्सबंडलमध्ये क्लिअरकॅश ही मेथड आहे. ॲडमिनच्या पानावर एक बटण ठेवून ती चालवता येते. मात्र कंस रिकामे ठेवले तर ज्या क्लासमधून ती बोलावली त्याच्याच क्लासलोडरची (क्लास आणि फाइली शोधून आणणाऱ्या भागाची) कॅश पुसली जाते. तुमचा युटिलिटी जार टॉमकॅटच्या सामायिक लिब फोल्डरात असेल तर त्याचा लोडर निराळा, आणि बटण कितीही दाबलं तरी काही हलत नाही. कंसात थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर द्या. शिवाय टॉमकॅट वेब-इन्फमधल्या फाइलींची माहिती स्वतः ५ सेकंद धरून ठेवतो, तेव्हा फाइल टाकल्यावर थोडं थांबून बटण दाबा. एवढं करूनही जुनंच दिसलं तर कोडमध्ये दोन गोष्टी शोधा. कोणी मजकूर सुरुवातीलाच स्टॅटिक फायनल व्हेरिएबलमध्ये भरून ठेवला आहे का? आणि जेएसपीत (वेब पानाच्या फाइलीत) सेटबंडल टॅगला सेशन स्कोप दिला आहे का? या प्रती कॅशच्या बाहेर बसलेल्या असतात, क्लिअरकॅश त्यांना हात लावत नाही.

खरं तर आम्ही तुम्हाला बटणाच्या वाटेने जायला सांगणार नाही. रोज बदलणारी फाइल वॉरमध्ये (ॲप्लिकेशनच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) ठेवायचीच कशाला? नवं वॉर टाकलं की टॉमकॅट जुनं फोल्डर काढून नवं उलगडतो आणि हाताने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्याच्यासोबत जातात. हंगामाच्या मध्यात महिन्याभरापूर्वीची सूचना परत उगवते ती यामुळे. फाइली टॉमकॅटच्या बाहेर, स्वतंत्र फोल्डरात ठेवा आणि टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याला तिथे वाचण्याचा हक्क द्या.

ॲप्लिकेशन स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर असेल तर पुढचं काम दहा ओळींचं आहे. मेसेजसोर्स याच नावाचा बीन (स्प्रिंग सांभाळतो तो ऑब्जेक्ट) करा. नाव बदललं तर स्प्रिंग तो ओळखत नाही. क्लास रिलोडेबल-रिसोर्सबंडल-मेसेजसोर्स घ्या. बेसनेममध्ये 'फाइल' आणि अपूर्णविराम (कोलन), मग फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि शेवटी फक्त 'मेसेजेस'. पुढे .प्रॉपर्टीज जोडलं की काहीच सापडत नाही, आणि _एमआर जोडलं तर तीच बिनभाषेची मूळ फाइल धरली जाते. ही चूक फार जण करतात. कॅशसेकंड्स ६० ठेवा. मूळ किंमत उणे १ असते, म्हणजे कधीच पुन्हा वाचू नको. ० दिलं तर प्रत्येक मेसेजसाठी फाइलीची वेळ तपासली जाते. ते घरच्या लॅपटॉपवर ठीक, चालू काट्यावर नको. स्प्रिंग बूट वापरत असाल तर ध्यानात घ्या, बूट आपोआप जो बीन बनवतो तो साध्या रिसोर्सबंडल-मेसेजसोर्सचा असतो आणि त्याला बाहेरच्या फोल्डरचा पत्ता कळत नाही. तुम्ही स्वतःचा बीन दिला की तो बाजूला होतो, आणि ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीजमधल्या स्प्रिंग.मेसेजेसच्या ओळीही मग निकामी होतात. सगळं बीनमध्येच लिहा.

स्प्रिंग नसेल तर बाहेरच्या फोल्डरवर एक यूआरएलक्लासलोडर उभा करा आणि गेटबंडलला तो लोडर व रिसोर्सबंडल.कंट्रोलचा उपक्लास द्या. त्यात गेटटाइमटूलिव्ह मेथड ६०,००० मिलिसेकंद परत करू द्या. लोडर एकदाच बनवा. दर वेळी नवा बनवला तर दर वेळी नवी कॅश तयार होते.

आता फाइल टाकण्याची रीत, कारण निम्म्या तक्रारी इथे जन्मतात. मोबाइलच्या नेटवरून फाइल चढत असताना मध्येच साठावा सेकंद आला तर अर्धीच फाइल वाचली जाते, आणि उरलेल्या मेसेजच्या जागी जेएसपीत तीन-तीन प्रश्नचिन्हं उभी राहतात. फाइल त्याच फोल्डरात दुसऱ्या नावाने चढवा, पूर्ण आल्यावर मूव्ह आदेशाने मूळ नाव द्या. एकाच डिस्कवर हे नामांतर एका झटक्यात होतं. दुसरं, फाइलीवरची वेळ. कंट्रोल हा क्लास फाइल बदलल्याची वेळ आणि बंडल वाचल्याची वेळ ताडून पाहतो. झिपमधून काढलेली किंवा जुनी वेळ राखून कॉपी केलेली फाइल कालची दिसते, म्हणून तो ती घेत नाही. लाइट वारंवार जाते तिथे बोर्डावरचा बटण-सेल मेलेल्या पीसीचं घड्याळ मागे पडतं. अशा पीसीवर बदलून वेळ राखून पाठवलेल्या फाइलीचंही हेच होतं. सर्व्हरवर टच आदेश दिला की प्रश्न मिटतो. स्प्रिंगचा रिलोडेबल क्लास फक्त वेळ पहिल्यापेक्षा वेगळी आहे की नाही एवढंच बघतो, त्यामुळे तिथे हा त्रास सहसा होत नाही.

प्रश्न (लोणार, जि. बुलढाणा) : कृषी सेवा केंद्राच्या बिलिंगमध्ये मराठी मेसेज टाकले तर अक्षरांऐवजी युरोपीय चिन्हांची खिचडी दिसते. एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर खराब. फाइल तीच आहे.

उत्तर : दोन्ही मशीनवर जावाची आवृत्ती बघा. जावा ८ पर्यंत प्रॉपर्टीज फाइल आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचली जाते, त्यात देवनागरीला जागाच नाही. तिथे प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी कोड असं लिहावं लागतं. जेडीके ८ मधलं नेटिव्ह-टू-अस्की हे साधन ते करून देतं. जावा ९ पासून रिसोर्सबंडल फाइल आधी यूटीएफ-८ म्हणून वाचतो. पण एक जरी बाइट यूटीएफ-८ मध्ये न बसणारा निघाला तर सगळी फाइल पुन्हा आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचली जाते. शंभर ओळी बरोबर असून एका ओळीमुळे सगळ्या बिघडतात त्या अशा.

स्प्रिंगच्या रिलोडेबल क्लासला हा नियम लागू नाही. तिथे जावा कोणताही असो, डिफॉल्टएन्कोडिंग यूटीएफ-८ स्वतः लिहावं लागतं. कोडमध्ये कोणी प्रॉपर्टीज क्लासच्या लोड मेथडला थेट इनपुटस्ट्रीम देत असेल तर नव्या जावातही जुनाच नियम चालतो. त्याऐवजी यूटीएफ-८ चा रीडर द्या.

सगळं बरोबर दिसतं आणि फक्त पहिला मेसेज सापडत नाही, असं असेल तर फाइल नोटपॅडमध्ये 'बीओएमसह' सेव्ह झाली आहे. ते अदृश्य चिन्ह पहिल्या 'की'ला (मेसेजच्या नावाला) चिकटतं. बीओएमशिवाय सेव्ह करा. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी फक्त फॉन्टमुळे दिसते.

प्रश्न (धारणी, जि. अमरावती) : मेळघाटातल्या आमच्या नोंदणी ॲप्लिकेशनमध्ये मराठीसोबत कोरकू द्यायची आहे. भाषांतर हळूहळू होईल. जे झालं नाही ते मराठीत दिसावं. सध्या इंग्रजीत दिसते.

उत्तर : कोरकूचा आयएसओ कोड के-एफ-क्यू असा तीन अक्षरी आहे आणि जावाला तो चालतो. फाइलीचं नाव मेसेजेस_केएफक्यू.प्रॉपर्टीज ठेवा. जावाचा साधा शोध कोरकू फाइलीतून थेट बिनभाषेच्या मूळ फाइलीकडे जातो आणि तुमची मूळ फाइल इंग्रजी आहे, म्हणून इंग्रजी दिसतं. स्प्रिंग ५.२.२ पासून मेसेजसोर्सला सेटडिफॉल्टलोकेल देता येतं. तिथे मराठी द्या. रिलोडेबल क्लास मग प्रत्येक 'की' आधी कोरकूत, मग मराठीत, शेवटी मूळ फाइलीत शोधतो.

यात एक पेच आहे. इंग्रजी निवडणाऱ्यालाही हाच क्रम लागतो. मेसेजेस_ईएन नावाची फाइल नसेल तर त्याला मराठी दिसेल, कारण मूळ फाइलीचा नंबर मराठीनंतर येतो. इंग्रजी मजकुराची प्रत त्या नावाने ठेवाच.

जे भाषांतर बाकी आहे त्याची ओळच लिहू नका. 'की' लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काही नसेल तर जावाच्या लेखी उत्तर मिळालं, आणि पडद्यावर जागा कोरी राहते. ब्राउझरच्या भाषायादीतून कोरकू निवडली जाईल अशी आशा धरू नका. पानावरच भाषेची लिंक द्या आणि निवड कुकीत ठेवा. स्प्रिंगमध्ये लोकेलचेंज-इंटरसेप्टर आणि कुकीलोकेल-रिझॉल्व्हर ही जोडी त्यासाठीच आहे.

प्रश्न (पवनी, जि. भंडारा) : धान खरेदीच्या पावतीवर गट क्रमांक १२०४ चा '१,२०४' होतो. आणि "'८-अ' सोबत आणा" या मेसेजमधली एकेरी अवतरणं काही ठिकाणी गायब होतात, काही ठिकाणी राहतात.

उत्तर : दोन्ही करामती मेसेजफॉरमॅटच्या, म्हणजे मेसेजमधल्या मोकळ्या जागा भरणाऱ्या जावाच्या क्लासच्या. महिरपी कंसातल्या जागेत संख्या पाठवली की तो ती रक्कम समजून स्वल्पविराम टाकतो. गट क्रमांक, साल, मोबाइल नंबर यांची बेरीज कोणी करत नाही. ते स्ट्रिंग करूनच पाठवा. रकमेचं उलट आहे. तिथे स्वल्पविराम हवा, पण जावाचा डेसिमलफॉरमॅट तीन-तीन आकड्यांचेच गट पाडतो, लाख-कोटीचे नाही. १२,३४,५६७ असं हवं असेल तर आयसीयू-फोर-जे लायब्ररीचा त्याच नावाचा क्लास वापरा.

एकेरी अवतरण हे मेसेजफॉरमॅटचं स्वतःचं चिन्ह आहे, म्हणून तो ते गिळतो. त्याच्या पोटात महिरपी कंस आला तर तो भरलाही जात नाही, तसाच छापला जातो. स्प्रिंग मात्र ज्या मेसेजला बाहेरून काही पाठवलेलं नाही तो मेसेजफॉरमॅटकडे नेतच नाही, त्यामुळे तिथली अवतरणं टिकतात. बाहेरून किंमत घेणाऱ्या मेसेजमध्ये प्रत्येक एकेरी अवतरण दोनदा लिहा. नाहीतर युनिकोडची वळणदार अवतरणं वापरा, ती कोणी गिळत नाही.